चांगलें कोणतें ? — दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना

‘ह्या दोहोंत चांगलें कोणतें ?’ हा प्रश्न मास्तराला जन्मभर ऐकावा लागतो. दोन व्याकरणांत चांगलें कोणतें, दोन शब्दकोशांत चांगला कोणता, दोन मुलांत हुशार कोणता, असें पालक विचारीत आणि उत्तर एका शब्दांत मिळावें अशी त्यांची अपेक्षा असे. संस्कृत शिकविणाऱ्यास ह्या प्रश्नांतली उणीव ताबडतोब दिसते. वाक्यांत कर्ता आहे, विशेषण आहे. पण संप्रदान नाहीं. ज्याच्यासाठीं ही सारी खटपट, तें पद चतुर्थी विभक्तींत यावयाचें, तेंच गाळलें आहे. चांगलें, पण कोणास ? चांगलें, पण कशासाठीं ? ही चतुर्थी वाक्यांत आली नाहीं तोंपर्यंत तें कानास पुरें वाटलें तरी अर्थानें अपुरेंच राहतें.

हल्लीं हा प्रश्न पुस्तकांविषयीं कमी आणि यंत्रांविषयीं अधिक विचारला जातो. आणि त्यांतहि संगणकांत बसविण्याच्या ग्राफिक्स कार्डाविषयीं फारच. ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत आहे, त्या घरांत ह्या वस्तूचें नांव एकदां तरी निघालेंच असेल. तीस हजारांच्या आसपासची रक्कम, तीहि घराच्या सामाइक खर्चांतून जावयाची. आजोबांना ती वस्तु म्हणजे काय तें ठाऊक नसतें, काकांना तें खेळणें वाटतें, आणि मुलें जे आंकडे बोलतात ते कोणासच पडताळतां येत नाहींत. अशा वेळीं निर्णय होतो तो ज्ञानानें नव्हे, आवाजानें होतो. म्हणून ह्या महिन्यांत दोन प्रसिद्ध कार्डें समोर ठेवून त्यांची तुलना कशी करावी तें पाहूं. दोन्ही एकाच कंपनीचीं, एकाच श्रेणीचीं, पण दोन पिढ्यांचीं आहेत : एनव्हिडिया कंपनीचें जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि त्याच्यामागून आलेलें जीफोर्स आरटीएक्स ४०६०. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु दोन उत्तरपत्रिका शेजारीं ठेवून गुण देणें हें काम मीं तीस वर्षें केलें आहे, आणि येथें त्याच कामाची गरज आहे.

प्रथम हें कार्ड करतें काय तें सांगितलें पाहिजे. संगणकाचा मुख्य गणक, ज्यास सीपीयू म्हणतात, तो एखाद्या व्युत्पन्न शास्त्रीबोवांसारखा आहे. त्यास कठीण प्रश्न द्या. तो एकापाठोपाठ एक पायऱ्या चढून उत्तरास पोंचेल. पण त्या एकट्यास वीस लाख सोप्या बेरजा घातल्या, तर बुद्धि असूनहि वेळ पुरणार नाहीं. पडद्यावरील चित्राचें काम नेमकें ह्या दुसऱ्या प्रकारचें आहे. नेहमींच्या संगणकाच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात; म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके झाले. हालतें चित्र डोळ्यांस सुरळीत दिसावें म्हणून असें चित्र सेकंदास ६० वेळां काढावयाचें म्हटलें, तर सेकंदास १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एकेका ठिपक्याचें गणित सोपें असतें. पण तीं गणितें अगणित असतात, आणि एकाचें उत्तर दुसऱ्यावर सहसा अवलंबून नसतें. ह्या कामास एक शास्त्री नको. पाढे पाठ असलेल्या हजारों मुलांचा वर्ग पाहिजे. तो वर्ग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. १९९९ सालीं ह्याच कंपनीनें जीफोर्स २५६ नांवाचें कार्ड काढलें, तेव्हांपासून अशा गणकास जीपीयू म्हणण्याची रीत रूढ झाली.

चित्रें मोजण्याचा हा हिशेब नाशिक जिल्ह्यास परका नाहीं. त्र्यंबकेश्वरास १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें येतात; म्हणजे सबंध चित्रपटांत सुमारें ५९,००० चित्रें झालीं. त्यांसाठीं दादासाहेबांनीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, विलायतेस जाऊन कॅमेरा आणला, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेहि ह्या कामीं आले. आज सेकंदास ६० चित्रें काढणारें कार्ड तितकीं चित्रें सुमारें साडेसोळा मिनिटांत पडद्यावर टाकतें. चित्रांच्या यंत्रापायीं घरची पुंजी खर्चावी कीं नाहीं, हा विचार करणारें आपलें घर पहिलें नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत यावें. मात्र यंत्र कशासाठीं पाहिजे तें दादासाहेबांस पक्कें ठाऊक होतें. कॅमेरा हातीं येतांच त्यांनीं अंकुराची वाढ दाखविणारी एक छोटी फीत तयार केली, आणि ती दाखवून भांडवल मिळविलें. त्यांच्या वाक्यांत चतुर्थी होती.

आतां दोन उत्तरपत्रिका उघडूं. आरटीएक्स ३०६० हें फेब्रुवारी २०२१ मध्यें विक्रीस आलें. अमेरिकेंत त्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. आरटीएक्स ४०६० हें जून २०२३ मध्यें आलें. त्याची किंमत २९९ डॉलर ठेवली होती. पहिल्याच्या रचनेस ‘अँपिअर’ हें नांव आहे. विजेच्या प्रवाहाचें माप ज्याच्या नांवानें ओळखलें जातें, त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचें तें नांव. दुसऱ्याच्या रचनेस ‘एडा लव्हलेस’ हें नांव आहे. ह्या इंग्रज विदुषीनें १८४३ सालीं, विजेवर चालणारा एकहि संगणक अस्तित्वांत नसतां, असें लिहून ठेवलें होतें कीं आंकडे मोडणारें यंत्र आंकड्यांखेरीज इतर विषयांतहि, उदाहरणार्थ संगीतांतहि, काम करूं शकेल. ज्या यंत्रांवर आज चित्रें आणि गाणीं तयार होतात, त्यांतल्या एका पिढीस तिचें नांव मिळालें हें यथायोग्यच झालें.

हिशेबाची पहिली ओळ गणकांची. ३०६० मध्यें ३,५८४ लहान गणक आहेत. दुकानदार त्यांस कोअर म्हणतो. ४०६० मध्यें ते ३,०७२ आहेत. दुसरी ओळ स्मृतीची, म्हणजे मेमरीची : ३०६० मध्यें १२ जीबी, ४०६० मध्यें ८ जीबी. तिसरी ओळ गणक आणि स्मृति ह्यांमधल्या मार्गाच्या रुंदीची : पहिल्यांत १९२ बिट, दुसऱ्यांत १२८ बिट. ह्या मार्गानें सेकंदास किती माल जातो तें पाहिलें, तर पहिल्यांत ३६० जीबी आणि दुसऱ्यांत २७२ जीबी. येथवर वाचून कोणीहि म्हणेल कीं जुनें कार्डच सरस आहे. नव्यांत गणक कमी, स्मृति कमी, मार्गहि अरुंद. तरीसुद्धां बहुतेक खेळांच्या कसोटींत नवें कार्ड जुन्याच्या पुढें जातें. हें कसें ?

ह्याचें पहिलें कारण गतीचें. वर्गांत मुलें किती एवढेंच मोजून भागत नाहीं. प्रत्येक मूल किती झपाट्यानें गणित करतें तेंहि मोजावें लागतें. ३०६० चा गणक सेकंदास सुमारें १७८ कोटी ठोके घेतो. ४०६० चा सुमारें २४६ कोटी. प्रत्येक ठोक्यास एक गुणाकार आणि एक बेरीज, अशीं दोन कामें होतात. तेव्हां गणकांची संख्या, ठोके आणि दोन ह्यांचा गुणाकार करावा. ३०६० ची बेरीज-गुणाकाराची शक्ति सेकंदास सुमारें पावणेतेरा लक्ष कोटी येते, आणि ४०६० ची पंधरा लक्ष कोटींच्या किंचित् वर. म्हणजे मुलें कमी असूनहि नव्या वर्गाचें काम अठरा-एकोणीस टक्क्यांनीं अधिक. जुन्या कार्डाची चिप दक्षिण कोरियाच्या सॅमसंगनें बनविली होती. नव्या कार्डाची तैवानच्या टीएसएमसी कंपनीनें त्याहून सूक्ष्म कारागिरीनें बनविली. गति वाढण्याचें आणि विजेची भूक कमी होण्याचें मूळ मुख्यतः तेथें आहे.

दुसरें कारण स्वयंपाकघरांत लवकर कळेल. कार्डाची मुख्य स्मृति म्हणजे कोठीची खोली. तेथून ओट्यापर्यंत येणारा दरवाजा म्हणजे तो १९२ किंवा १२८ बिटांचा मार्ग. ४०६० चा दरवाजा अरुंद आहे खरा, पण त्याच्या ओट्यावर हाताशीं मोठा मिसळणाचा डबा ठेवला आहे. ह्या हाताजवळच्या स्मृतीस कॅश म्हणतात. ३०६० मध्यें ती ३ एमबी होती, ४०६० मध्यें ती २४ एमबी केली. मोहरी, हळद, हिंग हाताशीं असलें म्हणजे फोडणीच्या वेळीं कोठीकडे धांवावें लागत नाहीं, आणि रोजच्या स्वयंपाकास दरवाजाची अरुंदी जाणवत नाहीं. परंतु मुंजीचा स्वयंपाक निघाला, पोतीं आणि पिंपें आंत-बाहेर करावीं लागलीं, म्हणजे मिसळणाचा डबा कितीहि भरलेला असला तरी दरवाजा अरुंद तो अरुंदच. आणि कोठीच लहान पडली, तर अर्धें सामान शेजारच्या घरीं ठेवावें लागतें व प्रत्येक वेळीं अंगण ओलांडून आणावें लागतें. कार्डाची स्मृति अपुरी पडली म्हणजे संगणकाच्या मुख्य स्मृतींतून माल आणावा लागतो, तो प्रकार हुबेहूब असाच आहे.

प्रत्यक्ष कसोटींतहि हेंच दिसून येतें. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर निरनिराळ्या परीक्षकांनीं घेतलेल्या मापनांत ४०६० हें ३०६० च्या सुमारें पंधरा ते वीस टक्के पुढें आढळलें. पडदा २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घेतला, तर हें अंतर थोडें कमी होतें. आणि कांहीं नव्या खेळांत चित्राचा सर्वांत उंची दर्जा निवडला, तर आठ जीबींत माल मावत नाहीं. मग चित्र एकाएकीं अडखळतें, किंवा भिंती आणि झाडें अंधुक दिसूं लागतात. तेथें कमी गतीचें ३०६० आपल्या बारा जीबींच्या बळावर शांतपणें चालत राहतें. सरासरीच्या आंकड्यांत हें अडखळणें दिसत नाहीं. वर्गाची सरासरी चांगली आली, म्हणून त्यांतला एक मुलगा नापास झाला ही गोष्ट खोटी ठरत नाहीं.

जाहिरातींत आणखी एक आंकडा असतो. त्याविषयीं सावध असावें. ४०६० मध्यें ‘फ्रेम जनरेशन’ नांवाची सोय आहे. कार्डानें दोन चित्रें खरोखर गणित करून काढलीं, कीं त्यांच्यामधलें एक चित्र तें अंदाजानें रचतें. हालचाल गुळगुळीत दिसते, हा लाभ खरा आहे. पण तें मधलें चित्र खेळणाऱ्याच्या हाताच्या हालचालीवरून काढलेलें नसतें. त्यामुळें कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यानें कमी होत नाहीं, उलट थोडा वाढतो. विद्यार्थ्यानें पहिली आणि तिसरी ओळ पाठ म्हटली व मधली संदर्भानें जुळविली, तर ऐकणाऱ्यास पाठ सलग वाटेल. गुण देतांना मात्र मास्तरानें तीन ओळी धरूं नयेत. म्हणून तुलनेचा तक्ता पाहतांना ही सोय बंद ठेवून घेतलेले आंकडे कोणते, तें आधीं विचारावें. लहान चित्रावरून मोठें चित्र तयार करण्याची डीएलएसएस नांवाची दुसरी सोय दोन्ही कार्डांत आहे. तिच्यासाठीं नवें घेण्याचें कारण नाहीं.

खेळ हा कार्डाचा एक उपयोग झाला. इमारतीचें त्रिमित चित्र काढणें, व्हिडिओ जुळविणें, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धीचीं गणितें करणें, हीं कामेंहि त्याच हजारों मुलांच्या वर्गाकडून करून घेतात. पुण्यांतील सी-डॅक संस्थेनें २०२० सालीं उभारलेला ‘परम सिद्धि’ हा महासंगणक ह्याच कंपनीच्या ए१०० नांवाच्या गणकांवर रचलेला आहे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांतल्या, जगांतील पांचशें महासंगणकांच्या यादींत त्यास ६३ वें स्थान मिळालें होतें. हा ए१०० गणक ४० आणि ८० जीबी अशा दोन प्रकारांत निघाला. मोठीं गणितें करणारे लोक गतीबरोबर स्मृतीसहि किती मोल देतात, तें ह्यावरून कळून येईल.

घरच्या कार्डासहि हाच न्याय लागू आहे. त्रिमित चित्राचा सारा माल आठ जीबींत मावत असेल, तर ४०६० तेंहि काम लवकर उरकतें. मावत नसेल, तर गति असून उपयोग नाहीं; काम अतिशय मंद होतें किंवा अजिबात नाकारलें जातें. कृत्रिम बुद्धीचा हिशेब तर तोंडी करण्यासारखा आहे. एखाद्या भाषा-प्रतिमानांत आठशें कोटी संख्या असल्या आणि प्रत्येकीस एक बाइट जागा दिली, तर नुसत्या त्या संख्या ठेवण्यासच आठ जीबी लागतात. काम करावयास जागा उरत नाहीं. तेंच प्रतिमान बारा जीबींत बसून वर जागा राहते. उलटपक्षीं, व्हिडिओ तयार करणाऱ्यास ४०६० चा एक निराळा लाभ आहे : एव्ही-१ नांवाच्या नव्या पद्धतीनें व्हिडिओ आंखडून साठविण्याची सोय त्यांत आहे, ३०६० तसा व्हिडिओ दाखवूं शकतें, बनवूं शकत नाहीं.

गृहिणींच्या आणि बिल भरणारांच्या दृष्टीनें एक ओळ राहिली. ३०६० पूर्ण भारानें चालतांना १७० वॅटपर्यंत वीज घेतें, ४०६० हें ११५ वॅटपर्यंत. फरक ५५ वॅटचा. रोज चार तास असें काम झालें तर वर्षास सुमारें ८० युनिटें अधिक जळतात. एका युनिटास दहा रुपये धरले तर वर्षाचे आठशें रुपये झाले. आपल्या बिलावरचा दर घालून ज्यानें त्यानें हिशेब करावा. शिवाय कार्डांत गेलेली जवळजवळ सारी वीज शेवटीं उष्णता होऊन खोलींत उतरते. वैशाखांतल्या दुपारीं लहान खोलींत हें जाणवल्यावांचून राहत नाहीं.

आतां नांवाविषयीं थोडें. व्याकरणाच्या पुस्तकांत उदाहरणापुरता देवदत्त जिकडेतिकडे भेटतो. म्हणून सारे देवदत्त एक नव्हेत. आरटीएक्स ३०६० ह्याच नांवाचा एक आठ जीबींचा प्रकार २०२२ सालीं बाजारांत आला. त्याचा मार्ग १२८ बिटांचा आणि मालाची ने-आण सेकंदास २४० जीबीच आहे; बारा जीबींच्या प्रकाराहून तो स्पष्टपणें मंद आहे. पेटीवर नांव तेंच, म्हणून जीबींचा आंकडा स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत. लॅपटॉपांतला ३०६० तर आणखी वेगळा : त्यास ६ जीबी स्मृति असते, आणि एकाच नांवाच्या दोन लॅपटॉपांत कार्डास मिळणारी वीज कमीअधिक असल्यामुळें कामहि कमीअधिक होतें. घरचा संगणक जुना असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. ४०६० हें संगणकाच्या मुख्य पाटीशीं आठ तारांच्या मार्गानें जोडलें जातें, ३०६० सोळा तारांच्या. पाटी मागील पिढीची असली आणि स्मृति अपुरी पडली, म्हणजे हा अर्धा मार्ग नडतो.

हातफिरतें कार्ड घेणारांनीं त्याचा पूर्वेतिहास विचारावा. २०२१ च्या सुमारास आभासी चलन मिळविण्यासाठीं हीं कार्डें रात्रंदिवस राबविलीं जात. इथेरियम ह्या चलनानें सप्टेंबर २०२२ मध्यें आपली पद्धत बदलली, तेव्हां तो धंदा बसला आणि राबलेलीं पुष्कळ कार्डें जुन्या बाजारांत आलीं. तेवढ्यानें कार्ड वाईट ठरत नाहीं. पण पंखा वाजतो काय, तासभर पूर्ण भारानें चालविल्यास तें टिकतें काय, आणि हमीचा काळ शिल्लक आहे काय, तें पाहिल्याशिवाय स्वस्ताईस भुलूं नये.

इतके आंकडे झाल्यावरहि ‘चांगलें कोणतें ?’ ह्याचें उत्तर निघालेलें नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आमच्या गांवीं तोफखान्याची शाळा आहे. सराव चालूं असला म्हणजे आमच्या खिडक्यांच्या कांचा वाजतात. तोफेची निवड नळीच्या रुंदीवरूनच होत नसते. ती कोठें न्यावयाची, वाट कशी आहे, मारा किती दूर करावयाचा, ह्यांचीं उत्तरें आधीं लागतात. येथल्याच एका ओळखीच्या घरांत ह्याच दोन कार्डांवरून आठवडाभर वाद चालला होता. तीन भावांचें एकत्र कुटुंब. संगणक घरांत एकच, आणि त्यांत बसवावयाचें कार्डहि एकच. मधल्या भावाचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत, थोरल्याची मुलगी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षांत. मुलाचें म्हणणें ४०६० घ्यावें. नवें आहे, वेगवान आहे. त्यानें तक्ते दाखविले, मित्रांचे दाखले दिले, दुकानदाराचा हवाला दिला. मुलीनें एकदांच सांगितलें कीं तिच्या अभ्यासाच्या कामास स्मृति अधिक लागते. कोणी उलट विचारलें नाहीं, म्हणून ती पुन्हां बोलली नाहीं. आजोबा मला म्हणाले, “गुरुजी, दोहोंत चांगलें कोणतें तेवढें सांगा, उद्यां पैसे काढून देतों.”

मीं दोघां भावंडांस एकेक कागद दिला आणि एकेक चतुर्थीचें वाक्य लिहावयास सांगितलें : कोणास, कशासाठीं, दिवसांतून किती वेळ. मुलानें आपल्या खेळांचीं नांवें लिहिलीं. घरचा पडदा सेकंदास ६० चित्रेंच दाखवूं शकतो. आणि त्यानें लिहिलेल्या खेळांत दोन्ही कार्डें साठांच्या वर जातात. म्हणजे ज्या वीस टक्क्यांसाठीं तो भांडत होता, ते त्या पडद्यावर दिसणारच नव्हते. हें त्यानेंच हिशेब करून मोकळेपणानें सांगितलें. मुलीनें आपल्या चालूं कामाची फाइल महाविद्यालयाच्या मोठ्या संगणकावर उघडली, टास्क मॅनेजरमध्यें कार्डाची किती स्मृति खर्च होते तो आंकडा पाहिला आणि कागदावर उतरून आणला. तो आठ जीबींच्या पुढें होता.

“ताई, हें तूं आधीं कां नाहीं सांगितलेंस ?” धाकट्यानें विचारलें.

“सांगितलें होतें,” ती म्हणाली, “तूं तेव्हां तक्ता दाखवीत होतास.”

आजोबांनीं बारा जीबींच्या ३०६० साठीं पैसे काढून दिले. ह्यावरून ३०६० हेंच चांगलें, असा अर्थ कोणी घेऊं नये. मुलीचा आंकडा पांच जीबी आला असता, तर ४०६० घेणें हाच शहाणपणा होता : काम लवकर, वीज कमी, खोलीहि थंड. त्या घरांत पडदा सेकंदास १४४ चित्रें दाखविणारा असता आणि खेळणाराच एकटा असता, तरीहि कौल फिरला असता. कार्डें तीं दोनच. वाक्यांतली चतुर्थी बदलली कीं उत्तर बदलतें.

शिवाय हीं नांवें फार दिवस राहणारीं नाहींत. मे २०२५ मध्यें ह्याच श्रेणींत आरटीएक्स ५०६० आलें. त्यांत ३,८४० गणक आहेत. मालाची ने-आण सेकंदास ४४८ जीबी, वीज १४५ वॅट, आणि जाहीर किंमत पुन्हां २९९ डॉलर. स्मृति मात्र ८ जीबीच. तेव्हां वरच्या घरांतला प्रश्न तिसऱ्या पिढींतहि जसाच्या तसा उभा आहे, आणि तो सोडविण्याची रीतहि तीच आहे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं आंकड्यांस भिण्याचें कारण नाहीं. पांच गोष्टी लिहून मागाव्यात : काम कोणाचें आणि कोणतें, त्या कामास स्मृति प्रत्यक्ष किती लागते, घरचा पडदा सेकंदास किती चित्रें दाखवितो, संगणकाची पाटी आणि विजेचा डबा ह्या कार्डास पुरे आहेत काय, आणि तक्त्यांतले आंकडे अंदाजाचीं चित्रें वगळून घेतले आहेत काय. ज्यास कार्ड पाहिजे तो हीं उत्तरें दोन दिवसांत आणूं शकतो. आणूं शकला नाहीं तर खरेदी एक महिना थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. मात्र कागद एकाकडूनच घेऊं नये. घरांत जितकीं माणसें तो संगणक वापरणार असतील तितके कागद घ्यावे, आणि वाचतांना सर्वांत कमी बोलणाऱ्याचा कागद आधीं वाचावा.